पाचवी नळी

१

प्रयोगशाळेचा अहवाल दीड पानाचा होता. त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं. तरी तो वडदऱ्यात येऊन धडकला त्या दिवशी ऊन कलायच्या आत लिंबाजी सोनकांबळे गावाच्या लेखी चोर ठरला होता.

वडदरा नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. दोन्हींचे तुकडे जोडून नवा जिल्हा करायचा आणि त्याचं ठाणं वडदऱ्याला द्यायचं, असं वरून जवळजवळ ठरलं होतं. गावाबाहेरच्या माळावर कचेरी, न्यायालय आणि दोनशे खाटांचा दवाखाना उभा राहणार होता. त्याआधी माळाखालच्या जमिनीत जुना भूकंपाचा तडा आहे का, हे पाहायला भूशास्त्रज्ञ शिवलीला बिरादार हिने तिथं वीस मीटर लांब आणि पुरुषभर खोल चर खणला. भिंतीत लोखंडी नळ्या ठोकून मातीचे पाच नमुने काढले आणि डिसेंबरात तपासायला पाठवले. एप्रिलात उत्तर आलं: चार नमुने तपासले, चारहींतली माती अलीकडेच उन्हात पडलेली, वय शून्य.

या इमारतींसाठी नेमलेल्या संकुल समितीने तासाभरात ठराव केला. चौकीदार लिंबाजी सोनकांबळे याच्या ताब्यात असताना नमुने उघडले गेले, सबब पोलिसांत कळवावे. तडा सिद्ध होत नाही, सबब जागा योग्य. चर सोमवारी बुजवावा.

त्या दिवशी गुरुवार होता.

महादेवी उटगे यांना ही बातमी शुक्रवारी सकाळी शिवलीलाच्या फोनवरून कळली. पाण्याच्या सर्वेक्षणात तीस वर्षं भूशास्त्रज्ञ म्हणून काढून त्या नांदेडला निवृत्त आयुष्य जगत होत्या. शिवलीलाने त्यांच्याच हाताखाली उमेदवारी केली होती.

"मॅडम, माझं काम खोटं ठरलं, ते मी सोसेन. पण लिंबाजीकाकांना फौजदाराने दोन तास उन्हात उभं केलं."

"नमुने त्यानेच उघडले हे ठरवलं कुणी?"

"त्यांची सही आहे. तीन दिवस नमुन्यांची पेटी माझ्या ताब्यात होती, अशी."

"आणि होती का?"

"नव्हती, मॅडम. एक दिवस तर अजिबात नव्हती."

महादेवीबाईंनी चहाची कपबशी तशीच ठेवली आणि कंधारची एसटी गाठली.

२

लिंबाजीच्या दारात तीन दिवस टँकर आला नव्हता. घागरी ओळीने उताण्या पडल्या होत्या. लिंबाजीची बायको धुरपताबाई उंबऱ्यात बसली होती आणि आल्या माणसाला आधी नजरेनेच सोलून घेत होती.

"आता तुमी काय इचारणार? इचारून घ्या. समद्यांचं इचारून झालंय."

"जयभीम, धुरपताबाई. मी शिवलीलाची बाई."

"त्या पोरीची? मंग या आत." ती सरकली. "मला एक सांगा बाई, मातीत काय होतं चोरायला? सोनं होतं का? ह्या गावात पाणी चोरत्यात, त्येला कुणी धरत न्हाई. अन् माझ्या मालकाला माती चोरली म्हनून धरलंय!"

"चोरली न्हाई, धुरपता. ऊन दाखिवलं म्हनत्यात," आतून लिंबाजी म्हणाला. पन्नाशीचा, काटक माणूस. अर्धं आयुष्य विहिरी खणण्यात गेलेलं. "वाळूचा कण मातीत गाडला की त्येच्यात घड्याळ सुरू हुतं. कवा गाडला ते त्यो लक्षात ठिवतो. ऊन लागलं की समदं इसरतो. म्हनून आमी काळी ताडपत्री पांघरून, बॅटरीला लाल कागद लावून नळ्या काढल्या. बिरादार म्याडम तर श्वासबी हळू घेऊ लागल्या."

महादेवीबाईंना हसू आलं. इतकं स्वच्छ कुणी वर्गातही सांगितलं नव्हतं.

"आणि तडा?"

"चला, दावतो. डोळ्यानं बघा."

"आधी ती सही. का केलीस?"

लिंबाजीची मान खाली गेली. "हजेरीचा कागद हाय म्हनले. मला वाचता येतं बाई, सातवी हाय मी. पन घडी घातलेला व्हता. सहीपुरताच उघडा."

"कोण म्हणाले?"

"सायबाच्या हापिसातनं शिपाई आला. साहेब कोन, ते मी न्हाई पायलं."

३

चराच्या भिंतीवर दर मीटरला खिळे मारून आडवी-उभी सुतळी ताणलेली होती. लिंबाजीला नोकरीवरून काढलं होतं तरी भिंतीवर त्याने गोणपाट लावून ठेवले होते. ते बाजूला केले तेव्हा महादेवीबाई भिंतीशी वाकल्या.

खालचा गोट्यांचा थर सरळ येता येता मध्येच तुटला होता आणि पलीकडे हातभर वर चढून पुन्हा सुरू झाला होता. त्याच्यावरचा तांबूस थरही तसाच तुटलेला. मात्र सगळ्यांत वरची काळी माती अखंड. एखाद्या जखमेवर कातडी धरावी तशी ती तड्यावर पसरली होती.

"तुटलेलं भूकंपाच्या आदीचं, न तुटलेलं नंतरचं," लिंबाजी म्हणाला. "दोन्हीची वयं कळली की मधी भूकंप घावला."

महादेवीबाईंना जुने वाद आठवले. किल्लारीच्या भूकंपानंतर पडलेल्या गावांतून भेगा मोजत त्या महिनाभर हिंडल्या होत्या. इथली जमीन हलत नाही, असं सांगणारे साहेब तेव्हाही होते. ढिगाऱ्यापाशी उभं राहून सांगत होते. आज तड्यावर दवाखाना बांधायचा ठराव करून त्यांचेच भाऊबंद मोकळे झाले होते.

त्यांनी दगडावर बसून, येताना शिवलीलाकडून घेतलेले दोन कागद शेजारी ठेवले. एक शिवलीलाची चरातली वही, दुसरा प्रयोगशाळेचा अहवाल. वय शून्य निघाल्यावर अहवालाचं दुसरं पान कुणी उलटलंच नव्हतं. तिथं मातीतल्या पाण्याचं प्रमाण दिलं होतं. वय काढायला तेही लागतं.

वही सांगत होती: गोट्यांचा थर तीन टक्के, तांबूस माती सहा, काळी माती अकरा.

अहवाल सांगत होता: बावीस, बावीस, एकवीस, बावीस.

"लिंबाजी, डिसेंबरात इथं पाणी होतं का?"

"पानी? बाई, सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला. घाम गाळूनबी हितली माती भिजली नसती."

"मग नळ्यांतली माती भिजली कशी?"

नळ्या नुसत्या उन्हात उघड्या टाकल्या नव्हत्या. आतली माती काढून दुसरी भरली होती, आणि तीही पाणी घालून. ज्या गावात घागरीसाठी डोकी फुटत होती, तिथं मातीत ओतायला पाणी कुणाकडे होतं?

"किशनराव," लिंबाजी हळूच म्हणाला. "सात टँकर हायत त्येंचे."

४

किशनराव नव्या जिल्ह्याची मागणी करणाऱ्या कृती समितीचे अध्यक्षही होते. त्यांच्या अंगणात टँकर उभा होता आणि त्याच्या तोटीखाली बादली लावलेली होती.

"या ताई, या! जिल्हा होऊन राहिलाय, आन् तुमी खड्ड्यात काय बघून राहिल्या?"

"पेटी तुमच्या टँकरमधून लातूरला गेली म्हणे."

"गेली. डिसेंबरातल्या त्या सोमवारी. टँकर रिकामाच जातो भरायला, केबिनात ठिवली. फुकट नेली बरं का." त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेली कुरिअरची पावती काढली. "बघा. सहाला हितून निघाला, नऊ वाजून दहा मिंटांनी पावती. तीन तासांचा रस्ता हाय, अन् कसला रस्ता! माझ्या ड्रायवरला त्येवढ्यात च्यालाबी उतरता आलं नसंल."

पावती खरी होती. इकडचे रस्ते कसे आहेत, ते महादेवीबाईंनी त्याच सकाळी सोसलं होतं.

तिथून त्या मल्लिकार्जुनप्पांच्या अडत दुकानात गेल्या. त्या सोमवारआधीचे शुक्रवार-शनिवार पेटी त्यांच्या गुदामात होती. किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे आणि एक लिंबाजीकडे.

"शरणार्थ, अक्का. बसा." मल्लिकार्जुनप्पांनी गादीवरचा तक्क्या पुढे सरकवला. "तुमी इचारायच्या आदीच सांगतो. माळाशेजारी सोळा एकर घेतलीया मी. संकुल हललं तर माझं नुकसान हाय. हाव, हाय. पन मी व्यापारी हाय, मातीत माती मिसळत न्हाई."

"तुरीत मिसळता?" महादेवीबाईंनी विचारलं.

ते मनापासून हसले. "तोंड लई तिखट हाय अक्का तुमचं. आता ऐका. शुक्रवारी पेटी ठिवल्या ठिवल्या हमालांनी तिच्यापुढं तुरीची चाळीस पोती थापली. रविवारी काढली, तवा पेटी भायेर आली. लिंबाजी एकटा ती पोती हलवनार? मी हलवनार? ह्या पोटानं?"

"हे समितीला सांगितलंत?"

हसू विरलं. "कुनी इचारलं न्हाई."

"आणि तुम्ही होऊन सांगितलं नाहीत. एका माणसाला चोर म्हणतायत ते ऐकत गादीवर बसून राहिलात."

मल्लिकार्जुनप्पा वहीची पानं उगाच चाळू लागले.

उरला रविवार. रविवारी पेटीवर शिक्का मारून घ्यायला ती माळावरच्या संकुल कक्षात नेली होती. तिथले उपअभियंता गुरुपादप्पा दारापर्यंत सामोरे आले, स्वतः खुर्ची पुसली, कुलरचं तोंड बाईंकडे वळवलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला माती ठोकायची एक लोखंडी ठोकणी लावून ठेवली होती.

"लिंबाजीचं वाईट वाटतं, मॅडम. भला माणूस. पण गरिबाला कुणीही भुलवतं. आणि खरं सांगू? तो तडाबिडा काही नाही. काळी माती वाळली की भेगाळते. मी कालव्याच्या कामावर माती चाचणीत मदतनीस म्हणून लागलो, माती ओळखतो."

"रविवारी पेटी कुठे होती?"

"याच कपाटाजवळ. शिक्का मारायचा म्हणून ठेवली. लिंबाजी बाहेर लिंबाखाली बसून होता. त्याचाच ताबा की."

"या जागेच्या माती चाचणीची फाइल बघू?"

"अवश्य." त्यांनी फाइल काढून दिली. अक्षर मोत्यासारखं. महादेवीबाईंनी एका पानाचा फोटो घेतला आणि आभार मानून निघाल्या.

पण नुसता संशय समितीपुढे टिकला नसता. त्यांनी शिवलीलाला फोन लावला. "नळ्या पाच होत्या. तपासल्या चार. पाचवी कुठे आहे?"

"प्रयोगशाळेने राखून ठेवली होती, मॅडम. न उघडताच परत पाठवलीय. पार्सल उद्या नांदेडला येतं."

"मोहोर मोडू नकोस. घेऊन ये."

५

रविवारी सकाळी कंधारच्या स्टँडमागच्या वेल्डिंगच्या दुकानात पाचवी नळी शिकंजात धरली. अडीच इंच रुंद, एक फूट लांब. दुकानदाराने चिरणीयंत्राने ती उभी चिरली. ठिणग्या विझल्यावर महादेवीबाईंनी दोन फाका अलगद उघडल्या. आत मातीचा लांबोडका ठोकळा जसाच्या तसा होता.

शिवलीला पुढे वाकली. "ही माझी माती नाही! पाचवी नळी गोट्यांच्या थरातली होती. यात एक खडासुद्धा नाही."

"तेवढंच दिसतं तुला?"

महादेवीबाईंनी चाकूच्या टोकाने मातीला हलकेच ढोसलं. ठोकळा दोन ठिकाणी आपसूक सुटला. तीन तुकडे झाले. त्यांनी पट्टी लावली: दहा सेंटीमीटर, दहा, दहा. सुटलेल्या तोंडांवर चाकूने ओढल्यासारखे आडवे-उभे ओरखडे होते.

लिंबाजी बघत राहिला. "ही कुनाची रीत म्हनायची? आमी तर कोंबून दिली असती."

"हेच उद्या विचारू," महादेवीबाई म्हणाल्या.

६

सोमवारी अकराला माळावरच्या कक्षात बैठक बसली. बाहेर जेसीबी चराच्या तोंडाशी घरघरत होता. संकुल समितीचे अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "बाई, पाच मिनिटं देतो."

"दोन पुरतील. एक खेळ खेळायचाय." महादेवीबाईंनी टेबलावर रिकाम्या नळ्या आणि घमेलंभर ओलसर माती ठेवली. "तो रविवार सोडून पेटीच्या प्रत्येक दिवसाचा हिशोब लागतो. तरी मी कुणालाच सोडत नाही. ज्यांच्या ज्यांच्या हातातून पेटी गेली, त्यांनी एकेक नळी भरायची."

"ह्ये काय पोरखेळ?" किशनराव म्हणाले, पण उठले. ओंजळीने माती ओतली, अंगठ्याने दाबली, अर्धी टेबलावर सांडली. ते नेहमीच असं भरत असावेत.

मल्लिकार्जुनप्पांनी नळी मापासारखी धरली. माती टाकली, नळी टेबलावर ठक् ठक् आपटली, पुन्हा टाकली, वरून तळहाताने सपाट केली. कुणीतरी हसलं. "आप्पा, मापात मारू नका!"

लिंबाजीने पहारीच्या दांड्याने एका दमात कोंबून भरली.

"आता तुम्ही, गुरुपादप्पा."

गुरुपादप्पा हलले नाहीत. दोन्ही हात त्यांनी टेबलाखाली घेतले होते.

"भरा ना. सोपं आहे."

"मी... मला गरज वाटत नाही."

"मग मी सांगते तुम्ही कशी भरता." महादेवीबाईंचा आवाज चढला नाही. "आधी मातीत पाणी. किती, ते तुमच्या फाइलमध्ये लिहिलंय: या माळाची माती सगळ्यांत घट्ट बसते ती बावीस टक्के पाण्यात. अहवालात पाहा, बावीस, बावीस, एकवीस, बावीस. निसर्गात गोट्यांच्या आणि काळ्या मातीत पाणी कधी सारखं नसतं. ते सारखं माणूसच करतो, आणि तेही मोजून. मग माती तीन समान थरांत भरायची. प्रत्येक थर ठोकणीने ठोकायचा. पुढचा थर टाकायच्या आधी आधीच्या तोंडावर चाकूने ओरखडे ओढायचे, म्हणजे थर एकमेकांना धरतात. माती चाचणीच्या टेबलावर नव्या मदतनिसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात." त्यांनी पाचव्या नळीचे तुकडे अध्यक्षांपुढे मांडले. "टँकरवाला असं भरत नाही. व्यापारी नाही, चौकीदार नाही. वीस वर्षं एकच काम केलेला हात चोरी करतानासुद्धा तेच करतो. ठोकणी तुमच्या दाराला लावलेली आहे. नळीत बरोबर बसते. त्या रविवारी ती दाराला नव्हती, होय ना?"

गुरुपादप्पांनी हात टेबलावर ठेवले. "शिवलीलानेच चहा पिताना सांगितलं होतं, ऊन लागलं की वय पुसतं. चराशेजारच्या ढिगाऱ्यावरची, आठवडाभर उन्हात पसरलेली माती घेतली." त्यांनी वर पाहिलं. "मॅडम, माझी बहीण नांदेडच्या वाटेवर जीपमध्ये बाळंत झाली. दोघं गेले. जिल्हा झाला असता तर इथं दवाखाना झाला असता. तुमच्या एका भेगेसाठी..."

"तो दवाखाना तुम्ही भेगेवर बांधत होतात!" आता मात्र महादेवीबाईंनी टेबलावर हात आपटला. "दुसऱ्या कुणाच्या बहिणीला त्याच खाटेवर झोपवणार होतात. संकुल पाऊण किलोमीटर पूर्वेला सरकवा, एवढंच शिवलीला सांगणार होती. जिल्हा कुणी मागितला नव्हता परत. तुमच्याच फाइलमध्ये जागा योग्य असल्याची सही तुम्ही चर खणण्याआधीच केली होती, ती खोटी ठरू नये म्हणून हे केलंत, आणि बहिणीला पुढे केलंत. आणि ते निभावायला एक माणूस लागला. घडी घातलेला कागद पुढे करता येईल असा. सगळ्या गावात तुम्हाला तोच स्वस्त वाटला."

गुरुपादप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "ठीक आहे. चर बुजवू नका. नमुने पुन्हा घ्या. अभियंत्यांची चौकशी होईल. सोनकांबळेंना कामावर घ्या. ठरावात एवढंच लिहू, की नमुने काही कारणाने दूषित झाले होते. नावं कशाला? जिल्ह्याची बदनामी नको."

"नावं कशाला?" महादेवीबाईंनी गुरुवारचा ठराव उचलला आणि मोठ्याने वाचला. "चौकीदार लिंबाजी सोनकांबळे याच्या ताब्यात असताना. इथं नाव लिहिताना जिल्ह्याची बदनामी नाही झाली? गरिबाचं नाव शाईने आणि साहेबाचं 'काही कारणाने', असं असेल तर मी या तीन तुकड्यांचे फोटो घेऊन आत्ता बाहेर जाते. बाहेर वर्तमानपत्राची तीन पोरं उभी आहेत."

अध्यक्षांनी पेन उघडलं. अर्धा तास लागला, पण ठराव पुन्हा लिहिला गेला. कुणी काय केलं आणि कुणी काहीच केलं नाही, दोन्ही नावांसकट. माफी मात्र कुणी मागितली नाही. लिंबाजीनेही वाट पाहिली नाही. तो केव्हाच उठून जेसीबीवाल्याला मागे हटवायला गेला होता.

दुपारी चरात पुन्हा काळी ताडपत्री पांघरली गेली. आत लाल उजेडात लिंबाजीने तुटलेल्या थरावर बोट फिरवून जागा नेमली, नळी टेकवली आणि घाव घातले. नळी आत गेल्यावर शिवलीलाने तोंड बांधलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. ठिकाण, खोली, थर, तारीख. शेवटच्या ओळीत 'नमुना घेणार' असं होतं. तिथं तिने आपलं नाव लिहायला पेन टेकवलं, थांबली, आणि लिहिलं: लिंबाजी.

लिंबाजी खांद्यावरून वाकून वाचत होता.

"सोनकांबळे बी लिवा, म्याडम," तो म्हणाला. "त्येंच्या कागदावर पुरं लिवलं व्हतं."